नुसती बॉडी

फोटो पाठवल्यावर थोड्या वेळाने ताईचा फोन आला आणि ती म्हणाली, "फोटो झकास आलाय रे. पण माझी गाठ कुठे गेली?" त्याला आधी कळेचना. खांद्याने फोन कानाशी दाबून धरत त्याने कॉम्प्युटरवर तो फोटो पुन्हा उघडला. ताई खुर्चीत बसलेली, डावी बाजू उजेडाकडे, केस कानामागे घेतलेले. कानाच्या पाळीपासून हनुवटीकडे उतरत गेलेली जबड्याची रेघ सरळ, सुरेख. कुठेही उंचवटा नाही. "डॉक्टरांच्या आधी तूच ऑपरेशन करून टाकलंस की," ताई म्हणाली आणि हसली. तोही हसला. मग तिच्या दारावर कुणी आलं म्हणून तिने फोन ठेवला, आणि तो तसाच बसून राहिला, एक हात माउसवर.

आपण हे केव्हा केलं ते त्याला आठवेना. काल जेवण झाल्यावर फोटो कॉम्प्युटरवर घेतला होता, उजेड जरासा वाढवला होता, एवढं आठवत होतं. पण त्यात नवल काहीच नव्हतं. बारा महिने तो बूट, मिक्सर, बॅगा, खुर्च्या पांढऱ्या कागदावर ठेवून त्यांचे फोटो काढायचा आणि मग त्यांच्यावरची धूळ, ओरखडे, बोटांचे ठसे पुसत बसायचा. अधूनमधून एखाद्या कंपनीच्या साहेबांचे चेहरेही यायचे. साहेबांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या, मानेवरच्या वळ्या, हनुवटीखालची ती दुसरी हनुवटी, सगळं तो बुटांवरच्या धुळीसारखंच काढून टाकायचा आणि साहेब म्हणायचे, वा, अगदी जसाच्या तसा आलोय. घरात शिरताना हात आपोआप बटणाकडे जातो तसा त्याचा हात डागाकडे जायचा. डोकं दुसरीकडे कुठेतरी असायचं, रेडिओ लावलेला असायचा. आणि काल तसाच तो हात ताईच्या कानाखाली गेला होता आणि अक्रोडाएवढी गाठ दोन फटकाऱ्यांत सपाट करून परत आला होता. खरं तर तिच्यापायीच तो फोटो काढायचा होता. लाळेच्या ग्रंथीत वाढलेली गाठ, आणि चेहरा हलवणारी नस नेमकी तिच्यातून गेलेली. सर्जन म्हणाले होते, नस वाचवायचा प्रयत्न करू, शब्द देत नाही. नाही वाचली तर डावी बाजू हलणार नाही. हसू अर्ध्यावर राहील. ताईने ते ऐकून घेतलं, पर्स बंद केली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता त्याला म्हणाली, "ठेंगू, त्याआधी माझा एक फोटो काढून ठेव. आहे तसा." लहानपणी तो वर्गात सगळ्यांत बुटका होता म्हणून ठेंगू. आता तो ताईपेक्षा हातभर उंच होता, पण नाव काही उंच झालं नाही.

फोटोची मूळ फाइल होतीच. ती पाठवून दिली असती तर विषय संपला असता, आणि त्याने ती पाठवलीही. ताईने उत्तरादाखल अंगठा पाठवला. पण त्याच्या मनातलं कुसळ निघेना. त्याने मूळ फोटो आणि पुसलेला फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले. लाज वाटावी अशी गोष्ट ही होती, की त्याला पुसलेला जास्त आवडत होता. ती बाई ओळखीची होती. गाठवाली बाई ताई होती हे त्याला पटवून घ्यावं लागत होतं. म्हणजे गेलं वर्षभर आपण हिच्याकडे पाहताना मनातल्या मनात हेच करत आलो की काय? गाठ शेंगदाण्याएवढी होती तेव्हा, लिंबाच्या बीएवढी होती तेव्हा, आपणच म्हणत होतो ना, अगं काही नाही, दाढ सुजली असेल. संध्याकाळ होईपर्यंत त्याने ठरवून टाकलं की फोटो पुन्हा काढायचा, आणि अशा कॅमेऱ्याने काढायचा की ज्यात आपला हात नंतर पोचणार नाही. रोलचा कॅमेरा. वडिलांच्या कॅमेऱ्याची लेन्स त्याच्या टेबलावर कितीतरी वर्षं कागदांवर वजन म्हणून पडून होती. कॅमेरा स्वतः कधीच गेला होता. एका सहलीत तळ्यात पडला, आणि लेन्स तेवढी खिशात होती म्हणून वाचली. वडील फोटो काढत तेव्हा दोघा भावंडांना भिंतीशी उभं करत आणि मग लेन्स फिरवत बसत. पुढे, मागे, पुन्हा पुढे. "हलू नका. हसा. हलू नका." शेवटी खटका पडेपर्यंत हसू पार शिळं झालेलं असे. त्यांच्या बालपणीच्या सगळ्या फोटोंत दोन दमलेली मुलं होती, एक उंच, एक बुटकं, आणि पाहुणे म्हणत, किती गुणी पोरं.

ताईला त्याने फोनवर बेत सांगितला. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार खिडकीवर बसायची. दिवसभर चिडलेल्या लोकांचं ऐकून घेणं हेच तिचं काम, त्यामुळे समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची सवय तिला होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "अरे, मग आहे त्याच कॅमेऱ्याने काढ आणि हात लावू नकोस. इतकं सोपं."

"हात राहत नाही, ताई."

"कुणाचा?"

"माझाच. मला कळतही नाही."

"बरं," ती म्हणाली. "पण आठवडा आहे हातात, एवढं लक्षात ठेव."

दुसऱ्या दिवसापासून तो बॉडीच्या शोधाला लागला. बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा. त्या धंद्यात तोच शब्द होता आणि त्याला तो सवयीचा होता. बसमध्ये एका विक्रेत्याशी तो फोनवर बोलत होता, "एक-दोन बॉड्या बघितल्या काल. एकीला आतून बुरशी लागलेली, दुसरीचं दारच उघडेना. तुमच्याकडची कुठे ठेवलीय?" आणि शेजारचा गृहस्थ सावकाश उठून दाराजवळ जाऊन उभा राहिला. हे ताईला सांगायला हवं, असं त्याला वाटलं. पण त्याने फोन केला नाही. पहिल्या विक्रेत्याने जाहिरातीत लिहिलं होतं, 'चालू स्थितीत, तपासलेला नाही', आणि त्याचा अर्थ काय असं विचारल्यावर तो म्हणाला होता, "तपासला तर बंद निघायचा ना." दुसऱ्याकडचा कॅमेरा कपाटात इतकी वर्षं बंद होता की त्याच्या कातड्याला औषधी गोळ्यांचा वास लागला होता. मागचं झाकण उघडलं की कडेने उजेड आत शिरू नये म्हणून बसवलेला मऊ फोम असतो. तो वितळून डांबरासारखा झाला होता आणि त्याच्या बोटाला चिकटला. घरी येऊन बोट साबणाने धुतलं तरी निघेना. जेवताना तो त्या काळ्या बोटाकडे पाहत राहिला.

तिसरं दुकान जुन्या वस्तूंच्या गल्लीत होतं. घड्याळं, दुर्बिणी, रेडिओ, आणि मागच्या भिंतीला कॅमेरे. दुकान मूळचं सासऱ्याचं. जावई आता ते बघत होता आणि त्यातल्या निम्म्या वस्तू कशासाठी असतात हे आपल्याला माहीत नाही, असं मोकळेपणाने सांगत होता. "नुसती बॉडी?" तो म्हणाला. "गंमत बघा, लेन्सवाले बॉडी मागतात, बॉडीवाले लेन्स मागतात. सगळ्यांची गाठ घालून दिली तर माझं दुकानच बंद व्हायचं." गाठ. अलीकडे हा शब्द कुठेही भेटायचा. बुटांच्या नाडीत, वर्तमानपत्रात, लोकांच्या बोलण्यात. कुणाकुणाची गाठ पडायची, कुणाशी तरी गाठ असायची, आणि दर वेळी त्याची जीभ नकळत आपल्याच गालाला आतून चाचपून यायची.

काचेवर तीन बॉड्या मांडल्या गेल्या. पहिली काळी, हलकी, नवी वाटावी अशी, बॅटरीवर चालणारी. उजेड तीच मोजणार, शटर तीच ठरवणार, रोलही तीच पुढे ओढणार. दुसरी चांदीच्या रंगाची, देखणी, कुणा हौशी माणसाने फडक्यात गुंडाळून जपलेली. तिसरी जड, एक कोपरा चेपलेला, उजेड मोजायचा काटा मेलेला. त्याने सवयीने विचारलं, "यातून किती फोटो झालेत?" डिजिटल कॅमेऱ्यात तो आकडा निघतो; जुना कॅमेरा घेताना माणूस आधी तेच विचारतो. जावई म्हणाला, "मी एकही काढलेला नाही, एवढं छातीठोक सांगतो." मग त्याने स्वतःच एकेकीचं झाकण उघडून ट्यूबलाइटकडे धरलं आणि खटका दाबला. शटर उघडलं की उजेडाचा एक चौकोन पापणी लवावी तसा दिसायचा. काळीचा चौकोन झटपट, नेमका. देखणीचा चौकोन वेगात असेपर्यंत ठीक होता, पण एक सेकंदाला लावल्यावर उघडला तो उघडाच राहिला, बोलता बोलता माणसाला शब्द आठवेनासा व्हावा तसा. मग बऱ्याच वेळाने आतून घरघर आली आणि तो मिटला. तिसरी प्रत्येक वेगाला उघडली आणि मिटली. आवाज मोठा होता, पेटीचं झाकण आपटल्यासारखा. वडिलांची लेन्स काळीवरही बसली, तिसरीवरही बसली. त्याने पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं. डोळा लावायच्या खिडकीतून पाहिलं, रोल ओढायचा दांडा फिरवला, कानाशी धरलं, भिंगाने आतला आरसा पाहिला. जावयाने मध्ये दोन घड्याळं विकली. आणि शेवटी तो म्हणाला, "उद्या येतो."

गल्लीच्या तोंडाशी पोचतो तोच ताईचा फोन. "कॅमेरा घेतोयस की सोयरीक जुळवतोयस?"

"बघतोय. एक चांगली आहे, पण बॅटरीवर चालते. दुसरी..."

"आज रिपोर्ट आणायला जायचं होतं. तू येणार म्हणाला होतास."

तो गर्दीत थांबला. मागून येणारा माणूस त्याच्यावर आदळला आणि पुटपुटत पुढे गेला. "विसरलो," तो म्हणाला.

"जाऊ दे. हे आले होते." हे म्हणजे भाऊजी, लिफ्ट दुरुस्त करणारे, गरज पडली तर बोलत, आणि गरज क्वचितच पडे. "ठेंगू, ऐक. कॅमेरा नसला तरी तू ये. नुसता ये."

फोन ठेवल्यावर तो उभाच राहिला. आपण विसरलो नव्हतो, हे त्याला अगदी स्वच्छ दिसलं. सकाळी आठवण होती, आणि आठवण होती म्हणूनच तो गल्लीत आला होता. इतके दिवस तो पेट्यांच्या आत डोकावत होता, बुरशी शोधत होता, फोम चाचपत होता, आणि ज्या एका चेहऱ्याकडे पाहायचं होतं तिकडे गेलाच नव्हता. तो परत दुकानात शिरला आणि चेपलेल्या कोपऱ्याची बॉडी मागितली. जावयाला ते पटलं नाही. "अहो, काळी घ्या. घरच्यांनाही जमेल." काळी चांगलीच होती; दुसऱ्या कुणाला त्यानेही तीच घ्यायला सांगितली असती. पण तिने चूक केली असती तर ती तिची ठरली असती, त्याची नाही. बॉडी पिशवीत घालताना जावई म्हणाला, "परत घेणार नाही हां, बिघडली तर." तो म्हणाला, "नका घेऊ."

रविवारी तो ताईकडे गेला. आधी एक रोल काढून, धुऊन, कॅमेरा तपासून बघायला वेळच उरला नव्हता, तेव्हा जे काय होईल ते आत होईल आणि नंतर कळेल. ताई खिडकीशी बसली. उजेड मोजायला त्याने डिजिटल कॅमेरा आणला होता. त्यावर आकडा पाहायचा आणि तो या जुन्यावर लावायचा. "म्हणजे हा शिकलेला आणि तो अडाणी," ताई म्हणाली, "आणि काम अडाण्याकडून." त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. कॅमेऱ्याच्या खिडकीच्या मध्यभागी एक छोटं वर्तुळ होतं. त्यात चित्र मधून कापल्यासारखं दिसायचं, वरचा अर्धा एकीकडे, खालचा अर्धा दुसरीकडे, आणि लेन्स फिरवत ते दोन्ही जुळवायचे. त्याने तिच्या कानापाशी ते वर्तुळ नेलं. कानाखाली गाठ होती. तिच्यावरची कातडी ताणलेली, थोडी चकचकीत, आणि एक बारीक निळी शीर. एवढ्या जवळून त्याने ती पहिल्यांदाच पाहिली. दुखत असेल. हेही त्याने कधी विचारलं नव्हतं. "दुखतं?" त्याने कॅमेऱ्याआडून विचारलं. "रात्री, त्या कुशीवर झोपलं की," ती म्हणाली. मग भाऊजी चहा घेऊन आले आणि कप ठेवता ठेवता, कुणी विचारलं नसताना, म्हणाले, "आमच्या कंपनीत नवा साहेब आलाय, तो जिनाच चढतो. लिफ्टवर विश्वास नाही म्हणतो." ताई खदखदून हसली. त्याने खटका दाबला, दांडा ओढला, पुन्हा दाबला. ती हसत होती तोवर तो दाबत राहिला. निम्म्याहून जास्त रोल संपला तेव्हा ती म्हणाली, "पुरे. गाल दुखले."

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दुपार कलेपर्यंत चाललं. गाठ चांगली नव्हती, पण पुरती निघाली, सर्जन म्हणाले. नसेच्या खालच्या फांद्या तिच्यात गुंतल्या होत्या, त्या वाचवता आल्या नाहीत, वरची ताणली गेलीय, ती येईल हळूहळू. भाऊजींनी मान हलवली आणि मग थोड्या वेळाने पुन्हा हलवली. पट्टी सुटल्यावर तो तिला बघायला गेला. डावा डोळा नीट मिटत नव्हता, ओठांचा कोपरा खाली ओघळला होता, तो गाल इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत. आणि त्याच्या डोळ्यांनी, त्याला काही कळायच्या आत, हिशेब मांडला: ओठाचा कोपरा एवढा वर, उजवी सुरकुती उचलून डावीकडे उलटी, डोळा थोडा लहान. पाच मिनिटांचं काम. "पाणी आणतो," म्हणून तो बाहेर गेला आणि नळ सोडून नुसताच उभा राहिला. परत आल्यावर ताई म्हणाली, "फफ्फा म्हणता येत नाही. ब्ब पण." तोंडातून हवा निसटत होती. "उरलेलं सगळं येतं. ठेंगू येतं."

रोल कॅमेऱ्यातच राहिला. उरलेल्या जागा कशाच्याही फोटोंनी भरून टाकता आल्या असत्या. बुटांच्या, खिडकीच्या, कशाच्याही. त्याने दोनदा कॅमेरा उचलला आणि परत कपाटात ठेवला. रोल धुतला की ती हसताना दिसणार होती, आणि तो ते तिला दाखवणार कसा? कदाचित काही आलंच नसेल, अशी एक चोरटी आशाही त्याला वाटायची, आणि तिची त्याला शरम वाटायची. ताईने विचारलं नाही. तो मात्र आता वरचेवर तिच्याकडे जाऊ लागला, हातात काही नसताना. तिच्या डोळ्यात थेंब टाकायचा, झोपताना पापणीवर चिकटपट्टी कशी लावायची ते भाऊजींसोबत शिकला. ती आरशासमोर बसून गाल बोटांनी वर ढकलायचा व्यायाम करायची आणि तो शेजारी बसून आकडे मोजायचा. ब हळूहळू आला. फ यायला वेळ लागला.

मग एका दुपारी, तो लाल टाचांचे बूट पांढऱ्या कागदावर मांडत असताना, ताई स्टुडिओत आली. ती कामावर पुन्हा जायला लागून थोडेच दिवस झाले होते. पर्स टेबलावर टाकून ती म्हणाली, "ऑफिसच्या दारात ते मशीन बसवलंय ना, चेहरा बघून हजेरी लावतं, ते मला आत घेईना. मी समोर उभी राहते आणि ते म्हणतं, ओळख पटली नाही. मागे ही रांग! शिपाई म्हणाला, बाई, मी ओळखतो तुम्हाला, पण मला विचारतंय कोण. नवा फोटो द्या म्हणाले." बोलताना तिचा शब्द अधूनमधून कोपऱ्यातून निसटायचा आणि ती तो रुमालाने टिपावा तशी थांबून पुन्हा म्हणायची. "सरळ बघायचं, हसायचं नाही, असा पाहिजे."

त्याने बूट बाजूला केले, स्टूल ठेवलं, डिजिटल कॅमेऱ्याने दोन फोटो काढले. कॉम्प्युटरवर घेतले. ती त्याच्या खांद्यामागे उभी होती. तिने चेहरा जवळ नेऊन आपल्याला नीट पाहिलं, एखाद्या तक्रारीचा अर्ज वाचावा तसं. "हां," म्हणाली. "हे मशीनला पटेल." त्याने फाइल तशीच पाठवून दिली.

"ते आधीचे कुठायत?" तिने विचारलं.

"धुतले नाहीत अजून."

"का?"

"रोल संपला नाही."

"किती राहिलेत?"

त्याने कपाटातून कॅमेरा काढून आकडा पाहिला. "आहेत दहा-बारा."

ताईने स्टूल पायाने सरकवत खिडकीजवळ नेलं आणि बसली. "मग संपव ना. किती दिवस ठेवणारेस? खराब होईल." तिने केस कानामागे घेतले आणि डावी बाजू त्याच्याकडे केली. कानापासून गळ्यापर्यंत गुलाबी व्रण होता, टाके होते तिथे बारीक ठिपके.

पुढे तो रोल धुऊन आला तेव्हा काही फोटोंच्या कडेला उजेड शिरून नारिंगी पट्टा उमटलेला निघाला, रविवारचे दोन-तीन हललेले निघाले, आणि बाकीचे आले होते. पण त्या दुपारी त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने उजेड मोजला, आकडा लावला, कॅमेरा डोळ्याशी नेला. लेन्स पुढे घेतली, मागे घेतली. ताई स्थिर बसली होती, गाल खिडकीच्या उजेडात, ओठाचा कोपरा खाली. तो वाट पाहत राहिला. खाली रस्त्यावर कुणी गाडी मागे घेत होतं.

"ताई," तो म्हणाला, "जरा हस ना."

"हसतेच आहे रे," ताई म्हणाली.

त्याने बोट खटक्यावरून काढलं नाही. कॅमेऱ्याच्या खिडकीतून तो पाहत राहिला, गालाकडे, व्रणाकडे, त्या न मिटणाऱ्या डोळ्याकडे, आणि मग त्याला दिसलं, की तिचे खांदे हलताहेत.